पेटीपाशी बसलेली एक्सपर्टीज

माझे सासरे सुकदेव आप्पा सुरतेला एका मिलमध्ये एक्सपर्टीज होते. हे मी पहिल्यांदा ऐकलं ते माझ्या लग्नाच्या बोलणीत. शब्दाचा अर्थ मला ठाऊक नव्हता, आणि ज्यांनी तो सांगितला त्या निंबामामांनाही नव्हता. पण मामांनी तो असा तोंड भरून उच्चारला की माझ्या वडिलांनी पुढे काही विचारलंच नाही. तहसीलदार, फौजदार, तसंच काहीतरी असणार अशी त्यांची समजूत झाली.

त्याच्या आधी आप्पा घडी खात्यात होते. पलसाण्याच्या रस्त्याला कापड रंगवण्या-छापण्याच्या मिली रांगेनं उभ्या आहेत, त्यातली एक छगनभाई शेठची. साड्या छापून, धुऊन, वाळून आल्या की घडी खात्यात त्यांच्या घड्या पडायच्या. पारोळ्याकडून सुरतेला आल्यापासून आप्पा हेच करत होते. भेस्तानला दोन खोल्या, बायको शोभाबाई, एकुलती एक मुलगी रंजना. मिलमध्ये त्यांच्याविषयी कुणाला विशेष माहिती नव्हती. हजेरी घेणारा कधी कधी त्यांना 'सुखलाल' म्हणून हाक मारायचा आणि आप्पा 'हजर' म्हणायचे.

ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमारास छगनभाईंनी फ्रान्सहून छपाईचं मशीन मागवलं. मुंबईच्या बंदरातून ट्रकांवर लादून लाकडी पेट्या आल्या, आणि मशीन बसवायला एक फ्रेंच साहेबही आला. उंच, लालबुंद, उन्हानं हैराण झालेला. त्याचं इंग्रजी मोडकंतोडकं, आणि ते समजून घ्यायची जबाबदारी शेठच्या पुतण्याची, ललितभाईची. ललितभाई बी.कॉम. झालेला. इंग्रजी बोलायला तो कुणालाच घाबरायचा नाही, ऐकायचा मात्र त्याला कंटाळा. समोरच्याचे दोन शब्द कानावर पडले की तिसरा तो स्वतःच ठरवून टाकायचा.

शेवटची पेटी उतरवताना क्रेनचा दोर सरकला आणि पेटी कोपऱ्यावर आपटली. फळी चिरली. साहेब हात हलवत धावत आला, सगळ्यांना मागं हटवलं आणि पेटीभोवती दोन फेऱ्या मारल्या. मग तो ललितभाईला सांगू लागला, की ह्या पेटीची एक्सपर्टीज व्हायला पाहिजे. ती होईस्तोवर पेटी उघडायची नाही, हलवायची नाही, आणि तोवर एक माणूस इथं ठेवायचा.

ललितभाईनं ते आपल्या पद्धतीनं शेठला समजावलं. पेटीला एक्सपर्टीज लागते, एक्सपर्टीज म्हणजे अंगातलं कसब, तेव्हा कसबाचा एक माणूस पेटीपाशी बसवायचा. फ्रान्सचा तसा नियम आहे.

छगनभाईंनी विचारलं, सध्या रिकामं कोण आहे? आप्पा आठवड्यापूर्वीच सायकलवरून पडले होते. उजवा हात गळ्यात बांधलेला, घडी घालता येत नव्हती, म्हणून घडी खात्यात ते नुसतेच उभे असायचे. शेठ म्हणाले, "एने बेसाडी दो." आप्पांना एक स्टूल मिळालं आणि ते बसले.

जाण्याआधी साहेबानं पेटीचे फोटो काढले. पेटी केवढी आहे ते कळावं म्हणून आप्पांना तिच्या शेजारी उभं केलं. ह्या फोटोचा मिलमध्ये फार बोलबाला झाला, कारण त्याआधी खात्यातल्या कुणाचाच फोटो फ्रान्सला गेला नव्हता.

बाकीचं मशीन बसलं, सुरू झालं, साड्या छापू लागलं. पडलेल्या पेटीत म्हणे जादा सामान होतं, त्यावाचून कुणाचं काही अडलं नाही. साहेब मायदेशी गेला. पेटी गेटजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये जिथं पडली होती तिथंच राहिली आणि आप्पा तिच्यापाशी. हात बरा झाल्यावर ते ललितभाईकडे गेले आणि घडी खात्यात परत जाऊ का म्हणून विचारलं. ललितभाईनं त्यांच्याकडे असं बघितलं, जसं एखाद्या डॉक्टरनं आपण उद्यापासून कंपाउंडर होतो म्हणून सांगावं. मग पेटीपाशी कोण बसेल, असं त्यानं विचारलं.  आप्पा परत स्टुलावर जाऊन बसले.

काही महिन्यांनी साहेबाचा फ्रान्सहून फोन आला. एक्सपर्टीज झाली का, असं त्याला विचारायचं होतं. ललितभाईनं सांगितलं की रोज होते, सकाळी आठ ते रात्री आठ.  मग साहेबानं विचारलं, रोज? ललितभाई म्हणाला, सुट्टी सोडून रोज. साहेब म्हणाला, फार छान, आणि त्यानं फोन ठेवला. ललितभाईनं हे सगळं शेठना सांगितलं, शेठ खूश झाले. साक्षात फ्रान्सहून शाबासकी आली म्हणून त्यांनी आप्पांसाठी निळा कोट शिवून घेतला आणि भरतकामवाल्याकडून खिशावर इंग्रजीत 'एक्सपर्टीज' असं पिवळ्या दोऱ्यानं काढून घेतलं.

कोट आला तिथून सगळं बदललं.

आधी आप्पा पेटीपाशी बसतात ह्याची कुणी दखल घेत नव्हतं. आता लोक थांबू लागले. रंग खात्यातले कामगार डबा खायला शेडपाशी येऊन बसायचे आणि हळूच विचारायचे, पेटीत काय आहे? आप्पा खरं तेच सांगायचे, मला माहीत नाही. पण हे सांगण्याआधी ते एकदा पेटीकडे बघायचे. मुद्दाम नाही. कुणी पेटीविषयी बोललं की माणूस पेटीकडे बघणारच. पण त्या बघण्यामुळे लोकांना वाटायचं की ह्यांना माहीत आहे, सांगायची परवानगी नाही.

घरी शोभाबाईंना मात्र हे पटत नव्हतं. रंजना सांगते, की आई एके दिवशी भाकरी थापता थापता त्यांना म्हणाली, "तठे बशीसन तुम्ही करतस काय?"

आप्पांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "बठस." म्हणजे बसतो.

शोभाबाईंनी पुन्हा विचारलं नाही. त्यांना खटकलं ते वेगळंच. आप्पांना बघून मग बोलायची सवय लागली होती. आणखी भाजी वाढू का म्हटलं की ते आधी पातेल्याकडे बघायचे, मग बायकोकडे, आणि मग हो म्हणायचे. तोवर भाजी गार.

छगनभाई शेठ पाहुण्यांना मिल दाखवायला आणायचे. मशीन दाखवून झालं की शेवटी शेडपाशी यायचे. आमच्याकडे एक्सपर्टीज पण आहे, असं म्हणायचे. पाहुणे आप्पांना नमस्कार करायचे, पेटीकडे आदरानं बघायचे, चहा घ्यायचे. रिंग रोडवरच्या मार्केटमधले व्यापारी, साड्यांचे गठ्ठे उचलणारे, तेही आले. एका व्यापाऱ्यानं म्हणे पुढच्या वेळी दुसऱ्या मिलमध्ये सहज विचारलं, तुमच्याकडे एक्सपर्टीज आहे का? त्या मिलवाल्याला हो म्हणता आलं नाही. त्यानं घरी जाऊन विचार केला असणार.

पंधरवड्यातच शेजारच्या मिलच्या फाटकात एक पेटी दिसू लागली. भेस्तानच्या सुतारानं नव्या फळ्या ठोकून ती बनवली होती, रंगाऱ्यानं वर परदेशी अक्षरं काढली होती, आणि एका कोपऱ्यावर हातोडा मारून फळी चिरली होती. पेटी रिकामी. तिच्यापाशी बसायला त्यांनी बीडकडचा किसन नावाचा माणूस नेमला. किसन तरुण, अंगानं मजबूत, यंत्रमागावर दोन-दोन पाळ्या करणारा. त्याला एका जागी बसवेना. पहिल्याच आठवड्यात तो पेटीवर पाय टाकून झोपलेला सापडला. शेवटी त्याच्या शेठनं छगनभाईंना गळ घातली की तुमच्या एक्सपर्टीजनं आमच्या एक्सपर्टीजला चार गोष्टी शिकवाव्यात.

आप्पांनी आयुष्यात कुणाला काही शिकवलेलं नव्हतं. ते भांबावले. पण किसन रोज दुपारी येऊन समोर बसायचा, तेव्हा त्यांना काहीतरी सांगणं भाग पडलं. पेटीला टेकायचं नाही. टेकलं की पेटी सामान होते. स्टूल पेटीपासून हातभर लांब ठेवायचं. डबा खाताना पेटीकडे पाठ करायची नाही, पण तोंडही करायचं नाही, बाजूला वळून खायचं. कुणी विचारलं तर खरं सांगायचं. किसन म्हणाला, माझ्या पेटीत काहीच नाही, हे खरं सांगू का? आप्पांनी ह्यावर दोन दिवस घेतले. मग म्हणाले, तू उघडून बघितली आहेस का? किसननं बघितली नव्हती. "मग तुला कसं माहीत?" आप्पा म्हणाले.

किसन त्यांच्या पाया पडला. त्यानंतर त्या रस्त्यावरच्या आणखी मिलींनी पेट्या करून घेतल्या, आणि सगळे बसणारे एकेक करून आप्पांकडे येऊन गेले. दसऱ्याला यंत्रांची पूजा होते तेव्हा पेट्यांनाही झेंडूच्या माळा पडू लागल्या. हे सगळं मला नंतर किसननंच सांगितलं. मी हसलो तेव्हा त्याला राग आला होता.

चौऱ्याण्णवला सप्टेंबरात प्लेगची बातमी पसरली आणि सुरत रिकामी झाली. स्टेशनवर पाय ठेवायला जागा नव्हती, मिळेल त्या ट्रकवर चढून लोक गावाकडे निघाले. मिली बंद पडल्या. छगनभाई कुटुंबासह सौराष्ट्रात निघून गेले. आप्पांनी शोभाबाईंना आणि रंजनाला ओळखीच्या टेम्पोत बसवून पारोळ्याला पाठवलं, आणि स्वतः मागं राहिले. शोभाबाई टेम्पोतून उतरायला निघाल्या, तेव्हा ते म्हणाले की पेटी सोडून जायला मला कुणी सांगितलेलं नाही. हे खरं होतं. पळताना सगळे पेटी विसरले होते.

रिकाम्या मिलमध्ये ते एकटे. गेटवरचा रखवालदारही गेला होता. शेडमध्ये आप्पा, तोंडाला पंचा बांधून, निळा कोट घालून, स्टुलावर. तिथं एके सकाळी फवारणीवाले आले. उंदीर जिथं लपू शकतात त्या प्रत्येक जागेत त्यांना पावडर मारायची होती. त्यांनी मिलचे सगळे कोपरे केले आणि मग पेटीपाशी येऊन म्हणाले, ही उघडा.

आप्पा म्हणाले, ही एक्सपर्टीज झाल्याशिवाय उघडता येत नाही.

फवारणीवाल्यांचा मुकादम दमलेला होता. त्यानं विचारलं, मग एक्सपर्टीज कधी होणार?

"चालू आहे," आप्पा म्हणाले.

मुकादमानं खिशावरची अक्षरं वाचली. मग रिकाम्या मिलकडे, मग पुन्हा ह्या माणसाकडे बघितलं. वाद घालायची त्याची ताकद नव्हती. पेटीला चहूबाजूंनी पावडर मारा, असं त्यानं आपल्या माणसांना सांगितलं, आणि आप्पा हातभर अंतरावरच असल्यामुळे त्यांनाही मारली. निघताना त्यानं आप्पांना गोळ्यांची पट्टी दिली आणि त्या कशा घ्यायच्या ते समजावून सांगितलं. आठ-दहा दिवसांनी लोक परतू लागले, तेव्हा शेडमध्ये निळा कोट पांढरा झालेले आप्पा बसलेले होते. घाबरून पहिला कामगार परत फाटकाबाहेर गेला.

ह्या प्रसंगानं आप्पांचं नाव झालं. आणि ह्याच सुमारास निंबामामा माझ्यासाठी मुलगी बघत सुरतेला येऊन पोचले. ते आमच्या शिंदखेड्याकडचे, घरातली सगळी लग्नं तेच जमवायचे. चौकशीसाठी ते थेट मिलवर गेले. तिथं त्यांनी बघितलं ते असं: कोट घातलेला एक माणूस शांत बसलेला आहे, मिलचा शेठ स्वतः पाहुणे घेऊन येतो, पाहुणे नमस्कार करतात, चहा येतो. मामांनी शेजारी बसून गप्पा काढल्या आणि सगळेच विचारायचे तेच विचारलं, "पेटीमा काय शे?"

"माले काय ठाऊक," आप्पा म्हणाले.

मामांनी गावी येऊन माझ्या वडिलांना सांगितलं, की माणूस फार मोठ्या जागेवर आहे. फ्रान्सचं काम. आणि पोटातलं ओठावर येऊ देत नाही, अशा घरातली मुलगी करावी. पुढच्याच उन्हाळ्यात आमचं लग्न झालं. छगनभाई लग्नाला आले, त्यांनी सगळ्यांसमोर आप्पांना एक्सपर्टीज म्हणून हाक मारली, आणि आमच्याकडच्या मंडळींनी मान डोलावली.

मी तेव्हा हजीऱ्याला एका कारखान्यात हेल्पर होतो. लग्नानंतर भेस्तानलाच खोली घेतली. एकदा मी रंजनाला नीट विचारलं, की तुझे वडील खरोखर करतात काय. ती म्हणाली, "बठतस." तिला ह्यात विचित्र काहीच वाटत नव्हतं. ती शाळेत होती तेव्हापासून ते बसत होते.

मग शहाण्णवच्या थंडीत मुंबईहून विमा कंपनीचा एक सर्वेअर आला. वयस्कर गृहस्थ, पांढरा शर्ट, हातात चामड्याची जुनी बॅग. त्यादिवशी मला सुट्टी होती आणि आप्पांचा डबा घेऊन मी मिलवर गेलो होतो, म्हणून पुढचं सगळं मी स्वतः बघितलं.

गेटवर सर्वेअरनं सांगितलं की मी एक्सपर्टीजसाठी आलो आहे. रखवालदारानं त्याला आप्पांसमोर आणून उभं केलं आणि म्हणाला, "ही घ्या."

सर्वेअरनं मागं वळून बघितलं, आणखी कुणी आहे का म्हणून. मग आप्पांच्या खिशावरची अक्षरं वाचली. मग चष्मा काढून पुसला आणि परत वाचली.

छगनभाई आले, ललितभाई आला. सर्वेअर बॅगेतून एक पत्र काढून थकलेल्या आवाजात सांगू लागला, की हे पत्र आपल्याकडे पेटी पडली तेव्हाच आलं होतं. आपण ह्याआधी एकदा आलो होतो. तेव्हा एक्सपर्टीजसाठी आलोय म्हटल्यावर गेटवरच्या माणसानं सांगितलं की आमच्याकडे आहे, दुसऱ्याची गरज नाही, आणि परत पाठवलं. नंतर मुंबईहून फोन केला, तेव्हा कुणी तरी उत्तर दिलं की एक्सपर्टीज उत्तम चालू आहे, तुम्ही त्रास घेऊ नका. ललितभाई शेडच्या पत्र्याकडे बघू लागला. आता कंपनीनं जुनी प्रकरणं मिटवायला काढली, म्हणून आपण तिसऱ्यांदा प्रयत्न करतो आहोत.

छगनभाईंनी विचारलं, पण एक्सपर्टीज म्हणजे कसब ना?

सर्वेअर म्हणाला, इंग्रजीत तसंच. शब्द मुळात फ्रेंचांचा, इंग्रजांनी उचलला, जर्मनांनी उचलला, डच लोकांनी उचलला, आणि सगळीकडे त्याचा अर्थ थोडा थोडा सरकला. फ्रेंच माणूस एक्सपर्टीज म्हणतो तेव्हा तो पाहणीविषयी बोलत असतो. जाणकारानं येऊन नुकसान बघायचं, अहवाल द्यायचा. "एका दिवसाचं काम असतं, शेठ. साहेबाला एवढंच म्हणायचं होतं की पाहणी होईपर्यंत पेटीवर लक्ष ठेवा."

 आप्पांना हिंदीतलं संभाषण पूर्ण समजलं होतं, मी त्यांच्याकडेच बघत होतो. त्यांचा चेहरा पडला नाही. ते फक्त स्टुलावरून उठले आणि स्टूल बाजूला नेऊन ठेवलं.

सर्वेअरनं पेटी उघडायला सांगितलं. पहार घेऊन एक कामगार पुढे आला, तेव्हा आप्पा म्हणाले की पहिला खिळा मी काढतो. छगनभाईंनी मान हलवली. पहार दोनदा निसटली. मग खिळा किरकिरत वर आला. बाकीचे कामगारानं काढले आणि झाकण उचललं.

आत भुसा, मेणकागद, आणि त्यात गुंडाळलेला रबराचा एक रुंद जाड पट्टा. छपाईच्या मशीनवर कापड ज्याच्यावरून सरकत जातं तो, जादाचा. सर्वेअरनं आपटलेला कोपरा तपासला. पट्ट्याला तिथं ओरखडाही नव्हता. मग त्यानं पट्टा बोटानं दाबला, आणि बोटाखाली रबर वाळलेल्या पापडासारखं मोडलं. त्यानं दुसरीकडे दाबलं. तिथंही मोडलं. पत्र्याखालच्या उकाड्यात तेवढी वर्षं पडून राहून सगळं रबर गेलं होतं.

सर्वेअर उठून हात पुसत म्हणाला, "पडल्यामुळे काहीच झालेलं नाही. झालंय ते ठेवल्यामुळे."

ह्याची भरपाई मिळत नाही, हेही त्यानं सांगितलं. छगनभाई पेटीच्या झाकणावर खाली बसले. त्यांनी आप्पांना गुजरातीत विचारलं, एवढी वर्षं तुम्ही केलं तरी काय?

"कोईने हाथ लगाडवा नथी दीधो, शेठ," आप्पा म्हणाले.

शेठना ह्यात चूक काढता येईना. त्यांनी नेमकं हेच सांगितलं होतं. प्रथम त्यांना ठसका लागला, मग आम्हाला कळलं की ते हसताहेत. ललितभाईही हसला, पण शेठनी त्याच्याकडे बघितल्यावर थांबला. सर्वेअरनं त्याच दिवशी पाहणी संपवली, चहा घेतला आणि संध्याकाळच्या गाडीनं गेला. जाताना त्यानं आप्पांशी हात मिळवला. का ते मला कळलं नाही, त्यालाही कळलं असेल असं वाटत नाही.

मला वाटलं, आता प्रकरण संपलं. पण दोन दिवसांनी छगनभाईंनी आप्पांना बोलावून घेतलं. पेटी परत ठोकून घ्यायची आणि तुम्ही बसायचं, असं त्यांचं म्हणणं होतं. मार्केटचे व्यापारी विचारतात. शेजारच्या मिलचा किसन बसतोच आहे. आपल्याकडे नसली तर कसं दिसेल? पगार तोच राहील, कोट नवा शिवू.

आप्पा नाही म्हणाले. शेठना त्यांनी कधी नाही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं, आणि शेठनीही नसावं. शेठनी कारण विचारलं.

"आत काय आहे ते आता मला माहीत आहे," आप्पा म्हणाले. "कुणी विचारलं तर मला सांगावं लागेल."

शेठ त्यांना समजावत राहिले. माहीत असूनही सांगायचं नाही, एवढंच तर करायचं आहे. आप्पा म्हणाले, ते मला जमणार नाही, त्याला वेगळा माणूस लागेल. शेवटी शेठनी दुसरा माणूस शोधला. तो टिकला नाही, आणखी एक आणला, तोही पळाला. होता होता त्या रस्त्यावरच्या पेट्या एकेक करून गेल्या. काही जळणाला, काही भंगारवाल्याला. किसनची सगळ्यात शेवटी गेली, आणि तिच्यात खरंच काही नव्हतं हे बघून किसन, मला त्यानं स्वतः सांगितलं, जरा वेळ तिच्यात डोकं घालून उभा राहिला होता. आता तो पुन्हा मागावर आहे.

आप्पा घडी खात्यात परत गेले. मधल्या काळात खात्याचं रूप पालटलं होतं. जुनी माणसं बरीच गेली होती, घड्या बसून न घालता लांब टेबलांपाशी उभ्यानं घालायच्या होत्या, आणि पेटीपाशी बसलेला माणूस म्हणून आप्पांना ओळखणारं तिथं फारसं कुणी नव्हतं. त्यांच्या टेबलावर वर्ध्याकडच्या प्रमिलाबाई होत्या, नवऱ्यामागं सुरतेला आलेल्या, जिभेनं तिखट. पहिल्याच सकाळी त्यांनी आप्पांची घडी बघितली आणि म्हणाल्या, "असं नाही हो भाऊ. पदर आधी आत घ्या, मग काठ जुळवा. कुठं शिकले तुम्ही?"

आप्पांनी आयुष्यातली उमेदीची वर्षं घड्या घालण्यातच घालवली होती. मी असतो तर तसं सांगून टाकलं असतं. आप्पांनी हातातली साडी तिथंच ठेवली आणि म्हणाले, दाखवा. प्रमिलाबाईंनी दाखवलं. आप्पांनी घडी घातली, ती वाकडी आली. पुन्हा दाखवलं.

संध्याकाळी घरी येऊन त्यांनी हे शोभाबाईंना, रंजनाला आणि मला बसवून सांगितलं. मी जरा चिडूनच म्हणालो, की तुम्ही तिला सांगायचं नाही का. आप्पा म्हणाले, "अरे लखन, इतकी वर्षं सगळे मलाच विचारायला येत होते. मला कुणी काही शिकवलंच नव्हतं." आणि ते हात लांब करून हवेतच पदर आत घ्यायचं दाखवू लागले. शोभाबाईंनी भाजी वाढू का विचारलं, तर लगेच हो म्हणाले.

पुढच्या अक्षय्यतृतीयेला, आमच्याकडे तिला आखाजी म्हणतात, शोभाबाईंनी प्रमिलाबाईंना जेवायला बोलावलं. पुरणाचे मांडे, आमरस, कुरडया आणि आमच्या पद्धतीची काळ्या मसाल्याची रसई, म्हणजे रस्सा. प्रमिलाबाईंनी पहिला घास घेतला, डोळ्यांतून पाणी काढलं, आणि आमच्या खान्देशी लोकांना तिखटाचा अंदाज म्हणून नाहीच, असं तोंडावर सांगून टाकलं. मग त्यांनी दुसऱ्यांदा रस्सा मागून घेतला. आप्पा त्यांच्या शेजारीच बसले होते. त्यांनी वाटी पुढे सरकवली आणि स्वतःच वाढला.